बिसेन बाईंची किळस

बिसेन बाईंना किळस फार यायची. गोरेगावात त्यांची हीच पहिली ओळख. नव्या माणसानं त्यांचं घर विचारलं की पानठेल्यावरची पोरं सांगायची, "थ्या शीशी बाई का? सरळ जा. ज्या घराच्या साऱ्या खिडक्या उघड्या दिसतील, थेच."

त्या किळसेची एक पद्धत होती. आधी नाकपुड्या आक्रसायच्या, मग वरचा ओठ एका बाजूनं उचलला जायचा, डोळे अर्धे मिटायचे आणि तोंडातून एक लांब, कोरडं 'शीऽऽ' निघायचं. समोरचा माणूस आपण आत्ता काय केलं ते आठवायला लागायचा. बहुतेकांना आठवायचंही.

मी मूळची अमरावतीची. इथल्या शाळेत मराठी शिकवायला आले तेव्हा बाईंची नोकरी संपत आली होती. त्या विज्ञान शिकवायच्या आणि खेळाचा तासही घ्यायच्या. उंच, सडसडीत बांधा, सुती पातळ, पायात कॅनव्हासचे बूट आणि बारा महिने हातात मिटलेली छत्री. ती छत्री उघडलेली मी क्वचितच पाहिली. ती माणसांना लांब ठेवायला होती. बोलता बोलता कुणी फार जवळ आलं की छत्रीचं टोक हळूच पुढं यायचं. "तिथूनच बोल. मले ऐकू येते."

वर्गात बाई पुस्तकी मराठी बोलायच्या. पण किळस आली की पुस्तक गळून पडायचं आणि झाडीबोली बाहेर यायची. त्यामुळे मला ती बोली आधी शिव्यांसकट आणि मग बाकीची, अशी उलटी कळली.

त्यांच्या शाळेतल्या कितीतरी गोष्टी सांगतात, पण माझ्या डोळ्यांदेखत घडलेली एक. आमच्या भागात खर्रा चहासारखा चालतो. सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यात घोटायचा, तोंडात कोंबायचा आणि मग दिसेल तिथं थुंकायचं. आमचे गणिताचे सर शिक्षकांच्या खोलीच्या खिडकीतून थुंकत. वरच्या मजल्यावरून. खालची भिंत पार मातीच्या पाटासारखी झाली होती, वरून खाली लाल-तपकिरी ओघळ, जुन्यावर नवे. एके दिवशी बाईंनी आठवीचा अख्खा वर्ग त्या भिंतीसमोर नेऊन बसवला.

"वह्या काढा," त्या म्हणाल्या. "समोर दिसते त्याची आकृती काढा. ही लाळ आहे. हिच्यात काय काय असतं ते मागच्या धड्यात झालं. नावं द्या."

सर नेमके तेव्हाच खिडकीशी आले. गाल फुगलेला. खाली चाळीस-पन्नास तोंडं वर बघतायत. थुंकता येईना, बोलता येईना. मी वर शिक्षकांच्या खोलीतच होते, माझ्या शेजारीच ते उभे होते. शेवटी त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि तो सगळा ऐवज गिळला. उरलेला दिवस त्यांना उचकी लागली होती. त्यानंतर ते खिडकीतून थुंकले नाहीत. जिन्याच्या कोपऱ्यात थुंकायला लागले. हे कळल्यावर बाई हसल्या नाहीत की चिडल्याही नाहीत. जिन्यावर बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "वंदना, मानसाले सुधरवता येत नाई व. त्याची जागा फकत बदलवता येते."

कुणाच्याही घरी गेल्या की बाई बसायच्या आधी खिडक्या उघडायच्या. विचारायच्या नाहीत. यजमानीण चहा ठेवायला वळली की मागून कडीचा आवाज यायचाच. "कोंडवाडा करून ठेवला घराचा." लोक मागून हसायचे. मीही आधी हसायचे. मग एकदा पाटीवरचे तांदूळ निवडता निवडता त्यांनी त्याचं कारण सांगितलं. बोलण्याच्या ओघात, मला काही सांगायचं म्हणून नव्हे.

बाईंचं माहेर चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर धान पिकवणारं गाव. त्या लहान असताना आईला क्षय झाला. आजीनं आईला मागच्या खोलीत ठेवलं आणि खिडकी बांबूच्या ताटीनं बंद करून घेतली. आईचा रोग वाऱ्यासोबत गावात जाऊ नये म्हणून. त्या अंधाऱ्या, दमट खोलीत काकी आईची उस्तवार करायची. खोकल्याचा, घामाचा, थुंकीच्या भांड्याचा वास अंगणापर्यंत यायचा. आई गेली. वर्ष फिरायच्या आत काकीही गेली.

"खिडकी उघडी असती त काकी वाचली असती," बाई म्हणाल्या. "वारा कोनाले खात नाई. कोंडलेलं खाते."

धाकटा भाऊ टेकचंद तेव्हा रांगत होता. त्याला बाईंनीच वाढवला. तलावाच्या पाळीवर नेऊन आंघोळ घालायची, नाक पुसायचं, भरवायचं. बाई आयुष्यभर ज्याचं उष्टं खाऊ शकत होत्या असा तो एकच माणूस. पुढं तो मोठा शेतकरी झाला, पुढारी झाला, पांढरे कपडे घालून फिरायला लागला, तरी बाई त्याला टेकूच म्हणायच्या. चारचौघांत म्हणायच्या. त्याला ते आवडत नसे.

बाई निवृत्त झाल्या आणि मग कोरोना आला. लोकांना वाटलं, आता बाईंचं राज्य. मला स्वतःला वाटलं होतं. सगळं गाव हात धुतंय, तोंड झाकतंय, लांब उभं राहतंय. जन्मभर जे सांगितलं ते आता पटलं म्हणून बाई खूश होतील. उलट त्यांची किळस त्या दिवसांत जेवढी वाढली तेवढी मी कधी पाहिली नव्हती.

कारण गाव सुधारलं नव्हतं, भ्यालं होतं. दुधाच्या पिशव्या साबणानं धुणारे लोक मास्क हनुवटीवर ओढून खर्रा घोटत. एकाच तळहातावरची चिमूट चौघं उचलत आणि समोरून बाई येताना दिसल्या की ओरडत, "बाई, अंतर ठेवा, अंतर!" आमच्या समोरच्या घरात दार लावून, कूलर लावून दुपारभर पत्ते चालायचे. आत आठ-दहा माणसं, एकमेकांच्या मांडीला मांडी. बाहेर पाटी टांगलेली: बाहेरच्यांनी येऊ नये.

बाई मात्र पहाटे घराबाहेर पडायच्या. धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे खाचरांमधून, कालव्याची नहर जाते तिच्या काठानं, एकट्या. कधी मी मागं असायचे, चांगलं लांब अंतर राखून. एकदा पुलाजवळ पोलिसानं अडवलं. गोंदियाकडचा तरुण पोरगा होता.

"मैडम, घर जाइए. बाहर घूमना मना है."

"काऊन मना हाये?"

"कोरोना है ना, मैडम."

बाईंनी छत्रीनं चारी बाजू दाखवल्या. "अथी कोन कोन हाये सांग. मी हावो, तू हायेस, थो बगळा हाये. बगळ्याचं मले भेव नाई. तुयं हाये. मास्क गळ्यात घातला तुनं." आणि मग वर्गातल्या आवाजात, सावकाश: "अरे बेटा, उघड्यावर एकट्या माणसाला हा रोग धरत नाही. धरतो तो बंद खोलीत. आमच्या गल्लीत दुपारभर दार लावून जुगार चालतो, तिथं जा."

त्यानं मास्क वर केला. "मैडम, उजाला होने से पहले लौट आइए," म्हणाला. जुगाराच्या घरी तो गेला नाही. ते घर एका बड्या माणसाचं होतं, हे त्यालाही ठाऊक असावं.

बाईंच्या घरामागं मोठी सांदवाडी होती. वालाचे वेल आणि पेरूची झाडं असलेली मोकळी जागा. बंदी जरा सैल झाली तशी बाईंनी तिथं गल्लीतल्या म्हाताऱ्यांना बोलवायला सुरुवात केली. चुन्यानं जमिनीवर खुणा केल्या, एकेक खुर्ची लांब लांब ठेवली, पाण्याचा गडू ज्यानं त्यानं घरून आणायचा. मास्क नाकावर. घरात कोंडून वेडे व्हायची वेळ आलेली माणसं होती ती. एका आजोबांची बायको आदल्याच हिवाळ्यात गेली होती, सून ताट दाराबाहेर सरकवायची आणि दार लावून घ्यायची. ते पहिल्या दिवशी आले आणि खुर्चीवर बसून नुसते रडले. कुणी उठून जवळ गेलं नाही, जाता येत नव्हतं. बाई आपल्या खुर्चीवरूनच म्हणाल्या, "रडा. मोठ्यानं रडा. इथं हवा लागते."

अंतरामुळे सगळ्यांना ओरडून बोलावं लागायचं. त्यामुळे कुणाचं पोट साफ होत नाही, कुणाची सून कशी वागते, हे सगळं गल्लीला ऐकू जायचं. एक म्हातारी कुजबुजायला पुढं सरकली तर छत्रीचं टोक आलंच. "गुपित असेल त थे रोग गेल्यावर सांगजो." त्या सांदवाडीत मी जेवढं हसले तेवढं त्या दोन वर्षांत कुठंच हसले नाही.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट शाळेची. आमची नव्हे, जवळच्या एका टोलीवरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची, लहान शाळा. हैदराबादकडे मजुरीला गेलेली माणसं पायी, ट्रकमधून, मिळेल तशी परत येत होती. त्यांना गावात न घेता शाळेच्या एका खोलीत ठेवलं होतं. बाईंना कुणीतरी सांगितलं की खोलीच्या खिडक्यांना बाहेरून पाट्या ठोकल्या आहेत. बाईंनी भाकरी अर्धी ठेवली आणि उठल्या.

आम्ही पोचलो तेव्हा वेगळंच चाललं होतं. ती माणसं बाहेर रांगेत बसवलेली, बायका डोक्यावर पदर घेऊन खाली मान घातलेल्या, आणि होमराज नावाचा एक तरुण पाठीवर फवारणीचा पंप घेऊन त्यांच्या अंगावर काहीतरी फवारत होता. ब्लीचिंगचा वास डोळ्यांत जात होता. एक लेकरू किंचाळत होतं. लांब, आंब्याच्या सावलीत गावातली मंडळी रुमाल बांधून बघत उभी होती आणि त्यांतले दोघं मोबाइलवर ते टिपून घेत होते. सणाला जमल्यासारखी. त्या मंडळींचे चेहरे मला आजही आठवतात. त्यांतले निम्मे माझ्या विद्यार्थ्यांचे पालक होते.

"होमराज," बाई म्हणाल्या. "बंद कर थे."

होमराज त्यांचाच विद्यार्थी. तो थबकला, पण लोक बघत होते म्हणून जोर आणून म्हणाला, "बाई, तुमीच त सफाई शिकवली आमाले."

"सफाई शिकवली. हे कोनं शिकवलं तुले?" बाईंचा ओठ तसाच वर उचलला होता. मी त्यांची ती मुद्रा हजारदा पाहिली होती, पण नुसत्या माणसाकडे बघून, घाणीकडे नव्हे, आलेली ती मी पहिल्यांदाच पाहिली. "काल धानावर मारलं थ्याच पंपात भरलं ना हे? मानसं हायेत थे. किडी हायेत का?"

"पण बाई, खोलीतून वारा गावाकडं येते..."

बाईंनी पाट्या ठोकलेल्या खिडक्यांकडे पाहिलं. त्यांना काय आठवलं असेल ते मला कळलं, होमराजला कळायचं कारण नव्हतं. मग त्या खोलीच्या दारात गेल्या. आत वास असा होता की मी उंबऱ्यावरूनच मागं आले. बंद खिडक्या, कोपऱ्यात लघवीचा डबा, वर पत्र्याचं ऊन. बाईंनी नाकाला पदर लावला, खरोखरच ओकारी आली त्यांना, तोंड फिरवून दोन वेळा खोकल्या, आणि परत येऊन होमराजला म्हणाल्या, "पंप उतरव. पान्यानं यांचे डोरे धुवाले दे. अन् हातोडा आन."

त्यानं हातोडा आणला. खरं सांगायचं तर बाईंना तो नाही म्हणू शकला असता. मंडळींमधून आवाज येत होते. पण त्या रांगेतली सरिता नावाची एक बाई लेकराचे डोळे पदरानं पुसत होती आणि ते लेकरू होमराजकडे बघून मागं मागं सरकत होतं. ते त्यानं पाहिलं होतं. पाट्या त्यानंच काढल्या.

खिडक्या उघडून बाई थांबल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत मैदानातल्या आंब्याच्या आणि मोहाच्या झाडांखाली त्यांनी खाटा टाकायला लावल्या, एका कुटुंबाची जागा एका झाडाखाली. दिवस उन्हाळ्याचे होते, बाहेर झोपणं आमच्याकडे नवं नाही. गावाकडून रोज डाळ-भात झाडांपासून लांब आणून ठेवायचा, भांडी ज्याची त्यानं. बाई रोज संध्याकाळी जायच्या, रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसायच्या आणि त्या माणसांशी ओरडून गप्पा मारायच्या. सरिताचा नवरा तापला, त्याला दवाखान्यात नेलं, तो बरा होऊन आला. बाकी कुणाला काही झालं नाही. झाडांमुळे झालं नाही की नशिबानं, ते मी सांगू शकत नाही. बाई सांगू शकत होत्या, आणि ज्याला त्याला सांगत होत्या.

गावकऱ्यांनी मात्र बाईंना वर्षभर टोलीवरच्या देवळात बोलावलं नाही. बाईंनाही जायचं नव्हतंच. "त्या लोकायच्या हातचा प्रसाद मले आता जाणार नाई," म्हणाल्या.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात टेकचंदभाऊच्या मुलाचं, मनोजचं लग्न ठरलं. तेव्हा रोग पुन्हा उसळला होता. लग्नाला मोजक्या माणसांचीच परवानगी होती. बाई फोनवर फोन करत होत्या. लगन पुढं ढकल. नाहीच ढकलत, तर शेतात कर, सकाळी सकाळी, आंब्याच्या बागेत, घरची माणसं फक्त. मी शेजारीच बसलेली असायचे. पलीकडून भाऊचा आवाज यायचा, "ताई, टेकचंदच्या पोराचं लगन बांधीत झालं म्हणतील लोक. थे जमन नाई."

लग्न एका सभागृहात झालं. पोलिसांना दिसू नये म्हणून समोरचं शटर खाली ओढलेलं, मागच्या लहान दारानं माणसं आत सोडत होते. आम्ही दोघी गेलो. बाई आत गेल्या नाहीत. रस्त्यापलीकडे कडुनिंबाखाली खुर्ची मागवून बसल्या, मीही त्यांच्यापासून लांब बसले. भर दुपारची वेळ. शटरच्या आतून बँडचा आवाज येत होता, कोंडलेला, जमिनीखालून यावा तसा. मागच्या दारातून माणसं घामानं निथळत बाहेर यायची, खर्रा थुंकायची आणि पुन्हा आत जायची. वाहत्या गटाराशेजारी उष्ट्या द्रोणांचा ढीग पडला होता आणि त्यावर कुत्री भांडत होती. आतला वास रस्ता ओलांडून आमच्यापर्यंत येत होता: मसालेभात, अत्तर, घाम.

एका क्षणी बाई उठल्या, रस्ता ओलांडला आणि छत्रीनं शटर वाजवायला लागल्या. धाड, धाड, धाड. बँड थांबला. पोलीस आले असं वाटून आत पळापळ झाली असावी. मागच्या दारातून टेकचंदभाऊ धावत आला. फेटा, कपाळावर गंध, मास्क नाही.

"काय करून राहिली तू, ताई?"

"बाहेर आन सायऱ्याइले. टेकू, आयक माया. बाहेर आन. रोडवर जेवू दे, पन बाहेर आन."

"तुयी किळस घरी ठेवून येत जा!" भाऊ ओरडला. मागं लोक जमले होते, त्यांच्यासमोर ओरडला. "जनमभर आमाले शी शी करत आली. मायं पोरगं हाये ते. आज त मानसासारखी वाग."

बाईंनी हात पुढं केला. मला वाटलं त्यानं आत जाऊ नये म्हणून त्या त्याला धरतायत. पण त्यांनी फक्त त्याच्या कपाळावरून ओघळून डोळ्यात चाललेलं गंध आपल्या अंगठ्यानं पुसलं. भाऊनं हात झटकला आणि तो आत गेला. बँड पुन्हा सुरू झाला.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत घराघरांत खोकला सुरू झाला. भाऊला गोंदियाला नेलं. आधी खाट मिळेना, मग मिळाली, मग त्याचा उपयोग राहिला नव्हता. मनोजचा फोन आला तेव्हा बाई वालाच्या शेंगा तोडत होत्या. त्यांनी ऐकलं, शेंगांची टोपली खाली ठेवली आणि म्हणाल्या, "चाल."

बायकांनी मसणात जायची आमच्याकडे रीत नाही. बाई गेल्या. माझ्या स्कूटीवर, वारा तोंडावर घेत.

शहराबाहेर ठरवून दिलेली ती जागा होती. तिचं वर्णन मी आजवर कुणाला केलेलं नाही. जमिनीवर निळे-पांढरे प्लॅस्टिकचे अंगरखे फेकलेले, वाऱ्यानं फुगून माणसासारखे उठत आणि पडत होते. हातमोजे सगळीकडे. एक कुत्रं मोजा तोंडात घेऊन चाललं होतं, पाचही बोटं बाहेर लोंबत होती. दारूच्या पिशव्या, खर्ऱ्याच्या पन्न्या, अर्धवट जळलेली बांबूची तिरडी. धूर एकाचा नव्हता, कितीकांचा होता. नगरपालिकेची दोन माणसं तेवढी काम करत होती, डोळे लाल, हलत होती ती झोपेत असल्यासारखी. बाईंनी त्यांना लांबून हात जोडले. मनोज एकटा उभा होता. नव्या नवरदेवाच्या हातावरची मेंदी प्लॅस्टिकच्या मोज्यातूनही दिसत होती.

शटरच्या आत जेवलेल्यांपैकी एकही माणूस आला नव्हता. भावकीतला नाही, पक्षातला नाही, शेजारचा नाही.

चिता पेटली तेव्हा बाई बाजूला वळल्या, मास्क खाली ओढला आणि ओकल्या. बराच वेळ ओकत होत्या, पोटात काही उरलं नाही तरी. मी पाणी घेऊन पुढं झाले तर त्यांनी हातानंच थांबवलं. मग तोंड धुतलं, मास्क वर केला आणि चितेकडे बघत म्हणाल्या, "जेवाले होते सायरे."

तेवढंच. नंतर त्यांनी एक लांब बांबू शोधला आणि त्याच्या टोकानं ते मोजे, ते अंगरखे एकेक उचलून खड्ड्यात टाकायला सुरुवात केली. भाऊची चिता जळून खाली बसेपर्यंत त्या तेच करत होत्या. मनोजनं विचारलं, "आत्या, कायले करून राहिली तू?" त्यांनी पुढचा मोजा उचलला.

भाऊची बायको कौसल्यावहिनी तापातून उठली होती. तेराव्याला बाई अंगणात जाऊन उभ्या राहिल्या, तेव्हा ती ओट्यावरूनच म्हणाली, "तुमी शटर वाजवलं, तवाच अपशकून झाला. तुमच्या जिभेनंच गेले थे." बायका ऐकत होत्या. बाई अंगणातूनच माघारी फिरल्या. त्या घरी त्या पुन्हा गेल्या नाहीत आणि माझ्याजवळ कधी वहिनीचं वाईटही बोलल्या नाहीत. सांदवाडीतल्या खुर्च्या मात्र त्यांनी आत उचलून ठेवल्या.

रोग ओसरला. माणसं फार लवकर विसरली. "काई नोहता कोरोना," म्हणायला लागली. "सायरं दवाखान्यावाल्यायचं." ज्यांनी घरातली माणसं पोचवायलाही पाठ फिरवली होती तीच आता तावातावानं हे सांगत होती.

मग एका मंडळानं गावाबाहेरच्या एका सभागृहात कार्यक्रम ठेवला. गेलेल्यांच्या स्मृतीचा. मोठा फ्लेक्स लावला, त्यावर टेकचंदभाऊचा फेट्यातला फोटो आणि खाली लिहिलेलं: समाजासाठी झटणारे कोरोना योद्धा. व्यासपीठावर टेबल, टेबलावर घरून मागवून आणलेली भाऊची मोठी तसबीर, हार, समई. माझी तेव्हा आमगावकडे बदली झालेली होती. त्या दिवशी मी सामान न्यायला आले होते म्हणून तिथं होते. पहिल्या रांगेत कौसल्यावहिनी आणि मनोज. बाईंना हार घालायला वर बोलावलं.

बाई वर गेल्या. हार हातात घेतला नाही. फ्लेक्सकडे बघत अध्यक्षांना विचारलं, "हे योद्धा कोनं लिहिलं?"

"मीच, बाई," अध्यक्ष हसून म्हणाले. माईक त्यांच्याच हातात होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

"मनोजच्या लगनात तू जेवला होतास का?"

"जेवलो ना, बाई. भाऊनं सवता वाढलं."

"मंग मसणात काऊन नाई आला?"

अध्यक्षांनी माईक खाली घेतला. कुणीतरी मागून खोकलं. बाईंचा आवाज चढला नव्हता, ओठही उचलला नव्हता. त्यांनी खरंच विचारलं होतं आणि उत्तरासाठी थांबल्या होत्या. सभागृहभर नजर फिरवत त्या थांबल्या, आणि जिथं जिथं नजर गेली तिथं माणसं आपल्या मांडीकडे बघायला लागली. मग त्या व्यासपीठावरून उतरल्या आणि मधल्या वाटेनं दाराकडे चालायला लागल्या.

तेव्हा कौसल्यावहिनी उठली. मला वाटलं आता इथं भांडण होणार. ती वर गेली, टेबलावरची तसबीर उचलली, तिच्यावर आधीच कुणी घातलेला हार काढून समईजवळ ठेवला आणि तसबीर छातीशी धरून बाईंच्या मागोमाग बाहेर पडली. मनोज उठला तर त्याला हातानंच बस म्हणाली.

मी दारापर्यंत आले. बाई बऱ्याच पुढं गेल्या होत्या. वहिनीनं हाक मारली, "ताई, थांबा. जड हाये हे."

बाई थांबल्या. वळल्या नाहीत, नुसत्या उभ्या राहिल्या. वहिनी पोचल्यावर त्यांनी तसबिरीची एक बाजू धरली, दुसरी वहिनीनं. दोघींमध्ये काही बोलणं झालं असेल तर ते मला ऐकू आलं नाही. दुतर्फा धान लोंबीला आलेलं होतं. त्या रस्त्यानं दोघी तसबीर मधे धरून, पावलं जुळवत, गावाच्या दिशेनं चालत गेल्या. भाऊचा चेहरा पुढच्या बाजूला होता. मला मागून फक्त तसबिरीचा पुठ्ठा दिसत होता, आणि त्याच्या दोन्ही कडा धरलेली दोघींची म्हातारी बोटं.

मी त्याच संध्याकाळी आमगावला गेले, त्यानंतर बाई मला दिसल्या नाहीत.